जुन्या डेस्कटॉपसाठी रॅम निवडताना

जुन्या डेस्कटॉपची रॅम वाढवायची म्हणून दुकानात नुसते ‘४ जीबीची द्या’ असे सांगितले, की बरेचदा न चालणारी पट्टी घरी येते. त्याऐवजी आधी सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडून ‘मेनबोर्ड’ टॅबमध्ये मदरबोर्डचे (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डाचे) मॉडेल आणि ‘एसपीडी’ टॅबमध्ये सध्याच्या पट्टीची क्षमता व वेग टिपून घ्यावा, आणि बोर्ड कमाल किती रॅम घेतो ते निर्मात्याच्या संकेतस्थळावर पाहावे.

रॅमच्या पिढ्यांपैकी डीडीआर३ची पट्टी २४० पिनांची आणि तिच्या पुढच्या डीडीआर४ची २८८ पिनांची असते. खाचही वेगळ्या जागी असल्याने तिथे चूक होत नाही. खरी फसगत होते ती बसणाऱ्या, पण न चालणाऱ्या पट्टीने. उदाहरणार्थ, इंटेल जी४१ चिपसेटच्या (बोर्डावरील नियंत्रक चिपच्या) बोर्डासाठी ४ जीबीची डीडीआर३ पट्टी घेताना दोन्ही बाजूंना आठ-आठ, म्हणजे एकूण १६ चिप असलेलीच निवडावी, कारण एकाच बाजूला आठ चिप असलेली पट्टी हा बोर्ड सहसा ओळखत नाही. छापील वेग थोडा जास्त असल्यास मात्र बहुधा अडत नाही. पट्टी बोर्डाच्या वेगाने चालते.

सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड ईसीसी’ (सर्व्हरसाठीची, चुका दुरुस्त करणारी) रॅम स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, साध्या डेस्कटॉपमध्ये ती चालत नाही.