रेंज नसतानाही फॅन फिक्शनच्या लेखकाला नेमका अभिप्राय कसा द्यावा

यवतमाळ किंवा वाशीमकडील काही खेड्यांत मोबाइलची रेंज पुष्कळदा गच्चीवर किंवा गावाबाहेरच्या फाट्यावरच मिळते. त्यामुळे फॅन फिक्शन, म्हणजे आवडत्या पुस्तकातील, चित्रपटातील किंवा मालिकेतील पात्रांवर चाहत्याने लिहिलेली कथा, वाचून होते, पण अभिप्राय लिहिता लिहिता पान पुन्हा लोड होते आणि लिहिलेले सारे पुसले जाते. मग वाचक "छान" एवढेच लिहून मोकळा होतो.

रेंज असताना कथा फोनमध्ये उतरवून घ्यावी. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅन फिक्शनच्या संकेतस्थळावर ती ईपब (ई-पुस्तकाची फाइल) किंवा पीडीएफ स्वरूपात मिळते. वाचताना जी ओळ मनाला भिडेल, ती प्रकरणाच्या क्रमांकासह नोट्समध्ये टिपावी आणि तिने काय साधले हे तिच्याखाली तिथल्या तिथे एका वाक्यात लिहावे, कारण कथा संपल्यावर नेमके काय आवडले ते आठवत नाही. उदाहरणार्थ, "तिसऱ्या प्रकरणात ती काही न बोलता त्याच्या ताटात दुसरी भाकर वाढते, तिथेच तिचा राग ओसरल्याचे मला कळले." मोबदल्याविना लिहिणाऱ्याला असे एक वाक्य फार मोलाचे वाटते. रेंज आली की हा मजकूर त्या त्या प्रकरणाखाली चिकटवावा आणि सोबत 'कुडोज', म्हणजे कथा आवडल्याची एका बटणाने दिलेली दादही द्यावी. ती एका कथेला एकदाच देता येते, अभिप्राय मात्र प्रत्येक प्रकरणाला.

लेखकाने कथेच्या आरंभीच्या किंवा शेवटच्या टिपेत स्वतः विचारले नसेल, तर चुका दाखवू नयेत आणि पुढच्या भागासाठी तगादाही लावू नये.