आंधळ्या वळणावर बाइक कुठे ठेवायची: कोकणातल्या रस्त्यांवर या चुका टाळा

कोकणात रस्ता वळला की पुढचं दिसणं बंद होतं. आतल्या बाजूला कापलेला डोंगर असतो, नाहीतर जांभ्याचा गडगा, आणि पावसाळ्यात पुरुषभर वाढलेलं रान. अशा वळणावर वेगाइतकीच एक गोष्ट महत्त्वाची असते: रस्त्याच्या रुंदीत तुमची बाइक नेमकी कुठे आहे. ‘हळू चालव’ हे घरातली सगळी माणसं सांगतात, ‘कुठून चालव’ हे फारसं कोणी सांगत नाही. गणपतीला आणि शिमग्याला मुंबई-पुण्याहून बाइकवर गावी येणाऱ्या मुलांकडे बघून काळजी वाटते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

रेसट्रॅकची लाइन घाटात आणणं

ही सगळ्यात घातक चूक. ट्रॅकवर वळणात बाहेरून शिरायचं, मध्यावर आतल्या कडेला चिकटायचं आणि पुन्हा बाहेर निघायचं, अशी पद्धत आहे. तिथे समोरून कोणी येत नसतं. हीच लाइन कुंभार्ली किंवा आंबा घाटात घेतली, तर उजव्या वळणाच्या ऐन मध्यावर, जिथे सगळ्यात कमी दिसतं तिथे, तुम्ही मध्यरेषेवर असता. डाव्या वळणावर तीच लाइन बाहेर पडताना तुम्हाला समोरच्याच्या पुढ्यात नेऊन सोडते.

आपल्या अर्ध्या रस्त्याचे मनातल्या मनात तीन पट्टे करा: कडेचा, मधला आणि मध्यरेषेलगतचा. पुढचं सगळं या तीन पट्ट्यांच्या हिशेबाने समजून घ्या.

उजव्या वळणावर टायर बघणं, डोकं विसरणं

पुष्कळ जण म्हणतात, ‘माझं चाक रेषेच्या आतच होतं.’ असेलही. पण बाइक वळताना कलते. ३० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किलोमीटरने घेतलं, तर गाडी साधारण २३ अंश कलते. बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून दीडेक मीटरवर असतं, म्हणजे ते टायरपासून अर्धा मीटरहून जास्त आतल्या बाजूला सरकतं. चाक मध्यरेषेवर, तर डोकं आणि उजवा खांदा समोरच्याच्या हद्दीत. समोरून येणारा टेम्पो आपल्या बाजूने अगदी बरोबर येत असला, तरी त्याचा आरसा तुमच्या हेल्मेटच्या वाटेत आहे.

म्हणून समोरचं न दिसणाऱ्या उजव्या वळणावर कडेच्या आणि मधल्या पट्ट्याच्या सीमेवर राहा. इथून पुढचंही लवकर दिसतं आणि मध्यरेषेपासून अंतरही मिळतं. अगदी कडेला मात्र जाऊ नका. साइडपट्टीवर मुरूम, सुटी खडी आणि पावसाने वाहून आलेली तांबडी माती असते, आणि बऱ्याच ठिकाणी डांबर आणि साइडपट्टी यांत चांगली वीतभर पायरी पडलेली असते. कललेल्या गाडीचं पुढचं चाक तिथून खाली उतरलं की सावरायला वेळ राहत नाही.

डाव्या वळणावर ‘जास्त दिसावं’ म्हणून मध्यरेषेकडे सरकणं

इथे अनुभवी माणसंही फसतात, कारण सल्ला अर्धा खरा आहे. डाव्या वळणावर उजवीकडे सरकलं की खरंच जास्त दिसतं. प्रश्न आहे रस्त्याच्या रुंदीचा.

आपल्याकडचे कितीतरी रस्ते जेमतेम साडेपाच मीटर रुंद आहेत. म्हणजे तुमच्या वाट्याला पावणेतीन मीटर. बसची रुंदी कायद्याने २.६ मीटरपर्यंत असू शकते. एसटीचा चालक आपल्या कडेपासून फक्त अर्धा मीटर सोडून चालला, तरी त्याची गाडी ३.१ मीटरपर्यंत येते. त्याची काही चूक नसताना बस मध्यरेषा ओलांडून सुमारे ३५ सेंटीमीटर तुमच्याकडे आलेली असते. तुमचा मध्यरेषेलगतचा पट्टा असा आधीच खर्ची पडतो.

त्यात भर म्हणजे लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, वळणाच्या आतल्या बाजूने कापत जातात. तुमचं डावं वळण हे समोरच्या बसचं उजवं वळण. तिचं पुढचं तोंड तुम्हाला चुकवून गेलं, तरी मागचा भाग तुमच्याच बाजूला येतो. हेअरपिनवर, म्हणजे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो अशा वळणावर, हे फार ठळकपणे होतं. आणि तुमच्या उजव्या हेअरपिनवर उलट: बसला तिथे घट्ट डावं वळायचं असतं, म्हणून चालक आधी तोंड तुमच्या बाजूला काढतो. दुसरा इलाजच नसतो त्याला. हेअरपिनच्या पलीकडे एसटीचा हॉर्न ऐकू आला किंवा तिचं टप दिसलं, तर अलीकडच्या सरळ तुकड्यात कडेला थांबा आणि तिला जाऊ द्या.

तेव्हा डाव्या वळणासाठी नियम साधा ठेवा. मधला पट्टा धरा. रस्ता रुंद आणि मोकळा दिसत असेल तेवढाच वेळ थोडं उजवीकडे सरका, आणि दृष्टी अडायच्या आत पुन्हा मध्यावर या. जास्त दिसणं आणि समोरच्याच्या चुकीला जागा असणं, या दोन्हींतलं एक निवडायची वेळ आली तर जागा निवडा. दिसत नसल्याची भरपाई वेग उतरवून करता येते, जागेची करता येत नाही.

जाताना आणि येताना एकच जागा धरणं

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाताना तुम्ही उत्तरेकडे जाता. समुद्र डावीकडे, डोंगर उजवीकडे. रस्ता समुद्राला धरून जातो त्या भागात डोंगराच्या नाकाला वळसा घालणारी वळणं, म्हणजे आंधळी वळणं, तुमच्यासाठी उजवी असतात. परत येताना तीच वळणं डावी होतात. जाताना मध्यरेषेपासून लांब राहण्याकडे लक्ष हवं. येताना डोंगराच्या कुशीतून वळताना पुढे गुरं, थांबलेली गाडी किंवा पायी चाललेलं माणूस असेल असं धरून चालायचं. पावसाळ्यात तर गुरं हटकून डांबरावर येऊन बसतात.

एकपदरी रस्त्यावर पूर्ण अंतर आपलंच समजणं

महामार्ग ६६ वर चौपदरी तुकड्यात सत्तर-ऐंशीने आलेला माणूस निवळीला किंवा हातखंब्याला आत वळतो, पुढे गावच्या रस्त्याला लागतो, आणि पन्नास हा वेग त्याला रांगण्यासारखा वाटतो. डोळ्यांना मोठ्या वेगाची सवय झालेली असते. अशा वेळी स्पीडोमीटर बघा, अंदाजावर जाऊ नका.

ब्रेक दाबायला सुरुवात व्हायला एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ताशी ४० ला थांबायला साधारण २३ मीटर लागतात, ६० ला ४५. ओल्या रस्त्यावर हेच ३२ आणि ६३ च्या आसपास जातं. दोन पदरी रस्त्यावर जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता यायला हवं. पण गावाकडचा तीन-साडेतीन मीटरचा रस्ता दोघांचा मिळून एकच असतो. समोरच्यालाही थांबायला जागा लागते, म्हणून दिसणाऱ्या अंतराच्या निम्मंच तुमचं. ४० मीटर दिसत असतील तर तुमचे २०, आणि तिथे ताशी ४० हासुद्धा जास्त वेग आहे.

वेग ठरवायला डोळ्यांचीच मदत घ्या. रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर एकमेकींना मिळताना दिसतात त्या जागेकडे बघत राहा. ती पुढे पळत असेल तर वळण उघडतंय. ती जागच्या जागी थांबली किंवा तुमच्याकडे यायला लागली, तर वळण आवळतंय. ब्रेक तेव्हाच, गाडी कलायच्या आधी, सरळ असताना.

मधेच बिघडलं तर

वळण वाटलं होतं त्यापेक्षा घट्ट निघालं, की दचकून पुढचा ब्रेक आवळणं किंवा रेस एकदम सोडणं ही पहिली प्रतिक्रिया असते. दोन्हींनी टायरची पकड तुटू शकते. १२५ सीसीवरच्या बाइकना एप्रिल २०१९ पासून एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, पण साधं एबीएस सरळ धावणाऱ्या गाडीसाठी आहे. कललेल्या गाडीला ते पूर्ण वाचवत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. नजर गडग्यावरून किंवा समोरच्या गाडीवरून उचला आणि जिथून निघायचं आहे त्या मोकळ्या जागेकडे न्या. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचं हँडल हलकेच पुढे ढकला: डावीकडे जायचं तर डावं. गाडी तिकडे आणखी कलते. रेस हळूहळू कमी करा, मागचा ब्रेक अगदी हलका. थांबणंच भाग असेल, तर आधी गाडी सरळ करा, मग दोन्ही ब्रेक दाबा. ही हँडल ढकलण्याची क्रिया घाटात प्रथमच करू नका, गावच्या मोकळ्या मैदानात तिचा सराव करा.

मागे बसणाऱ्यालाही सांगून ठेवा: गाडीबरोबर कलायचं, उलट्या बाजूला नाही.

उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणं किंवा इंजिन बंद करणं पूर्ण सोडा. गिअरमध्ये इंजिन गाडी धरून ठेवतं, न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हेही लक्षात असू द्या.

झाडांखालच्या वळणांवर, जिथे ऊन पोचत नाही तिथे, ऑगस्टपर्यंत शेवाळ धरतं. बंदराजवळच्या रस्त्यांवर मासळीच्या गाड्यांतून पाणी गळतं, भरलेल्या टाकीतून वळणावर डिझेल सांडतं. ओल्यावर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली की तो पट्टा सोडा, ठरलेल्या जागेचा हट्ट धरू नका.

हॉर्न वळणाच्या आधी वाजवा आणि थांबून उत्तर ऐका. कानात गाणी असतील तर त्याचा उपयोग नाही. रात्री डिपर द्या. समोरून येणाऱ्या दिव्यांचा उजेड झाडांवर आधीच दिसतो, पण बिनदिव्याची सायकल आणि गुरं दिसत नाहीत. तुमचा स्वतःचा हेडलाइट वळणावर सरळ जाऊन गडग्यावर पडतो, रस्त्यावर नाही.

आणि फोटोसाठी थांबायचं असेल तर वळणावर थांबू नका. समुद्र तिथेच सगळ्यात छान दिसतो, हे खरं आहे. पण मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. वळण पार करा, दोन्ही बाजूंनी दिसेल असा सरळ तुकडा बघा, गाडी डांबरापासून पूर्ण बाहेर घ्या आणि तिथून चालत मागे या, रस्त्याच्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून.