सिगारेट सोडण्याची गोळी आणि बिघडलेलं मन: या चुका टाळा

व्हॅरेनिक्लीन, म्हणजे अमेरिकेत चँटिक्स आणि इतरत्र चँपिक्स या नावांनी ओळखली जाणारी, ही सिगारेट सोडवणारी खरोखर उपयोगी गोळी आहे. पण ती चालू असताना माणूस बदलला की घरात दोनच निष्कर्ष निघतात. एक, ‘सिगारेट सोडली की चिडचिड होणारच’. दुसरा, ‘गोळीनेच वाट लावली’. दोन्ही घाईचे आहेत.

सगळ्यात महागात पडते ती तारखा न लिहिण्याची चूक. ही गोळी बहुधा सिगारेट सोडायच्या आठवडाभर आधी सुरू होते: पहिले 3 दिवस 0.5 मिलिग्रॅम एकदा, पुढचे 4 दिवस तीच दोनदा, आठव्या दिवसापासून 1 मिलिग्रॅम दोनदा. निकोटिन तुटल्याची तगमग पहिल्या आठवड्यात जोरात असते आणि साधारण 2 ते 4 आठवड्यांत ओसरते. म्हणजे सिगारेटी नेहमीइतक्याच चालू असताना पाचव्या दिवशीच कुणी घाबराघुबरा झाला, तर ‘निकोटिन सुटलं म्हणून’ हे उत्तर लागू पडत नाही. ‘मंगळवार. रात्रीची गोळी 9 वाजता. सिगारेटी 4. पहाटे दचकून जाग, दिवसभर कुणाशी बोलला नाही.’ एवढी ओळ पुरते. ती घरच्यांनी लिहावी, कारण ज्याचं मन बिघडतं त्याला ते कळेलच असं नाही. पुढे डॉक्टर आणि वकील, दोघंही हीच वही मागतात.

विचित्र स्वप्नं, मोडलेली झोप आणि मळमळ नेहमीची. ती डॉक्टरांना सांगा, डोस कमी करता येतो. मात्र भास, टोकाचा राग किंवा जीव देण्याचे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. दारूही सांभाळा. या गोळीवर ती जास्त चढते, असा इशारा एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामकाने 2015 मध्ये दिला.

जुना मानसिक आजार लपवणं ही आणखी एक मोठी चूक. क्लोझापिन किंवा ओलान्झापिन ही मनोविकारावरची औषधं चालू असतील तर नुसती सिगारेट बंद केल्यानेही रक्तातलं त्यांचं प्रमाण वाढतं, कारण धूर यकृताला ती औषधं लवकर संपवायला लावत असतो. अशा वेळी दोष व्हॅरेनिक्लीनला दिला जातो आणि खरं कारण तसंच राहतं.

आता कायद्याचं. ‘चँटिक्सची भरपाई मिळवा’ अशा जुन्या जाहिरातींवर विसंबू नका. एफडीएने जुलै 2009 मध्ये मानसिक त्रासाबद्दलचा, काळ्या चौकटीतला म्हणजे सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, दावे अलाबामाच्या बर्मिंगहॅममध्ये एकत्र चालले आणि 2013 पर्यंत गोळीची उत्पादक फायझरने त्यांतले बहुतेक तडजोडीने मिटवले. मग 2016 मध्ये 8 हजारांवर लोकांच्या ‘ईगल्स’ चाचणीत प्लासिबोच्या (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या) तुलनेत गंभीर मानसिक त्रासात लक्षणीय वाढ दिसली नाही, आणि त्याच डिसेंबरमध्ये ती चौकट काढली गेली. इशारा पत्रकात आजही आहे, पण दावा अवघड झाला आहे. त्यात गोळी जेनेरिक, म्हणजे मूळ ब्रँडऐवजी दुसऱ्या कंपनीने बनवलेली असेल, तर अपुऱ्या इशाऱ्यासाठी तिच्या उत्पादकावर दावा चालत नाही, असं अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच ठरवलं. तिथे असलेल्यांनी म्हणूनच रिकामी पाकिटं फेकू नयेत. नाव आणि बॅच त्यावरच असतात. मुदत प्रत्येक राज्यात वेगळी असते.

भारतात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी ठरवण्याची सोय आहे, आणि अपुरा इशारा हाही त्यात दोष धरला जातो. डॉक्टरांचा हलगर्जीपणाही ग्राहक आयोगापुढे नेता येतो. मुदत 2 वर्षांची. केमिस्टकडून बिलाशिवाय गोळी घेतली असेल तर पहिल्याच पायरीवर अडायला होतं.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतः 1800-180-3024 या भारतातल्या सरकारी हेल्पलाइनवर करू शकतो आणि ती जरूर करावी. फक्त तिला तक्रार समजून 2 वर्षं थांबू नका. त्या नोंदीतून भरपाई मिळत नाही आणि आयोगातली मुदतही थांबत नाही.