जुन्या टाटा 207 पिकअपचा क्लच: सिलिंडर बदलणं सोपं, हवा काढणं अवघड

गियर पडत नाही, रिव्हर्सला कर्र आवाज येतो, पण पॅडल दोन-चारदा मारलं की पडतो. अशी गाडी गॅरेजला नेली की पहिलं वाक्य ठरलेलं: 'क्लचप्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.' थांबा. पॅडल पंप केल्यावर गियर पडत असेल तर आधी क्लचच्या ऑइलकडे बघायचं. टाटा 207 चा क्लच हायड्रॉलिक आहे, म्हणजे पॅडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबाने क्लचपर्यंत जातो. पॅडलजवळ ऑइल दाबणारा मास्टर सिलिंडर, खाली गिअरबॉक्सला बाहेरून बसवलेला, त्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर. स्लेव्हचं रबरी बूट बोटाने सारून बघा. आत ओल असेल तर स्लेव्ह गेला. केबिनमध्ये पॅडलच्या पुशरॉडवर ऑइल दिसलं तर मास्टर. दोन्ही कोरडे असूनही गियरमध्ये पॅडल दाबून धरल्यावर गाडी हळूहळू पुढे सरकू लागली, तर मास्टरमधलं रबर आतल्या आत ऑइल सोडतंय.

काढताना एकच क्रम पाळा. स्लेव्ह बोल्टवर घट्ट असतानाच होजचा आटा अर्धा फेरा सैल करा, मग दोन बोल्ट काढा आणि होज धरून सिलिंडरच फिरवून मोकळा करा. उलट केलंत तर होजला पीळ बसतो. पाइपच्या नटाला फ्लेअर पानाच (नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा) लावा, साधा पाना कडा गोल करतो. स्लेव्ह सुटल्यावर पॅडलला पाय लावायचा नाही, पिस्टन बाहेर उडतो.

आतला भाग डिझेलने किंवा रॉकेलने धुवा असं कोणी सांगितलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. रबर फुगतं आणि आठवड्यात पुन्हा तेच काम. नवं ब्रेक ऑइल आणि स्वच्छ फडकं, बस. बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, ओरखड्यात नख अडकलं तर रबर किटवर पैसे घालवू नका, सिलिंडरच नवा घ्या. ब्रेक ऑइलची प्रत डॉट 3 किंवा डॉट 4, जी ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलीय तीच भरायची. ते रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा.

बसवणं म्हणजे काढण्याचंच उलट.

खरी परीक्षा ऑइलच्या पाइपात शिरलेली हवा काढताना. 2014 साली मी मास्टर आणि स्लेव्ह दोन्ही नवे टाकले आणि दोन दिवस पोराला पॅडल मारायला बसवलं. 'दाब, धर, सोड' करून लिटरभर ऑइल संपलं, पॅडल मात्र स्पंजासारखंच. नवा मास्टर खराब निघाला म्हणून दुसरा आणला. तरी तेच! माझ्या दोन चुका होत्या आणि दोन्ही सिलिंडरच्या बाहेरच्या.

पहिली, स्लेव्हचं निपल (हवा सोडायचा पोकळ स्क्रू) खालच्या बाजूला आलं होतं. हवा वर बसते. निपल खाली असेल तर वर्षभर पंप केलं तरी ती तिथेच राहणार. निपल सर्वांत वर हवं. दुसरी, पॅडलचा पुशरॉड मी ताणून बसवला होता. पॅडल पूर्ण वर असताना रॉड आणि मास्टरच्या पिस्टनमध्ये मिलिमीटरभर खेळ बोटाला जाणवला पाहिजे. तो नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइलच्या टाकीकडचं बारीक छिद्र बंद राहतं, आणि हवेला वर जायला वाटच उरत नाही. लॉकनट सैल करून आधी हा खेळ ठेवा, मग ऑइलची बाटली उघडा.

जोरजोरात पॅडल मारल्याने ऑइलला फेस येतो आणि मोठा बुडबुडा बारीक शेकडो होतो. मी आता खालून वर भरतो. मेडिकलमधून 50 मिलीची सिरिंज, सोबत पारदर्शक नळी. नळी ऑइलने भरून मगच निपलवर चढवायची, नाहीतर आपणच हवा आत घालतो. निपल पाऊण फेरा उघडून सावकाश दाबायचं, दुसऱ्याने वर टाकीवर लक्ष ठेवायचं; भरत आली की फडक्याने टिपायचं. सिरिंजचं रबर ब्रेक ऑइलने फुगतं, तेव्हा तिचं काम त्या दिवसापुरतंच.

तरीही पॅडल मऊ वाटलं तर निपल बंद करून स्लेव्ह बोल्टमधून सोडवा, होज तशीच राहू द्या, निपल वर धरा. स्लेव्हचा रॉड अंगठ्याने सावकाश पूर्ण आत दाबा आणि थोडं धरून ठेवा. टाकीत बुडबुडे येतील. तसाच सावकाश सोडा. पाच-सहा वेळा केलं की पॅडल वरच पकडतं. या काळात पॅडलपाशी कोणी फिरकू नये.

इंजिन चालू, पॅडल दाबून तीन मोजा, रिव्हर्स टाका. आवाज नाही आला तर मालक खूश. रात्री स्लेव्हखाली कोरडा पुठ्ठा ठेवा. सकाळी त्यावर डाग दिसला आणि निपल ओलं असेल तर ते थोडंच आवळा, अंगातला जोर लावू नका. मोडलेलं निपल काढण्यात माझा एक आख्खा रविवार गेला आहे.