नोंदवहीने दिलेला न्याय

शासकीय कार्यालयात लिपिक म्हणून काम करताना एक सहकारी माझ्या टिपण्या स्वतःच्या म्हणून साहेबांपुढे ठेवत असे आणि त्याच्याकडील रखडलेली प्रकरणे माझ्या गठ्ठ्यात येऊन पडत. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात, म्हणजे वरिष्ठांनी केलेल्या कामाच्या वार्षिक मूल्यमापनात, 'कामात दिरंगाई' असा शेरा आणि 'ब' प्रतवारी वाचली, तेव्हा अपमानाने माझे डोळे भरून आले.

तोंडी तक्रार केली असती, तर ती दोघांमधले भांडण ठरली असती. म्हणून मी माझी कार्यविवरण नोंदवही उघडली. पत्र कोणत्या तारखेला मिळाले, टिपणी कधी सादर केली आणि प्रकरण कधी निकाली निघाले, हे मी रोज लिहीत आले होते. दिरंगाईची म्हणून दाखवलेली सात प्रकरणे मूळ कोणाच्या नावावर होती, हे कार्यालयात आलेल्या पत्रांच्या आवक नोंदवहीतील त्या सहकाऱ्याच्या सहीनेच स्पष्ट झाले.

गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे आणि तिच्याविरुद्ध अभिवेदन करण्याची, म्हणजे आपले म्हणणे लेखी मांडण्याची, संधी मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात 2008 मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच आधारे मी मुदतीत दोन पानांचे अभिवेदन दिले. त्यात सहकाऱ्याच्या स्वभावाबद्दल एक शब्दही न लिहिता केवळ तारखा, आवक क्रमांक आणि नोंदवहीच्या छायाप्रती जोडल्या. हा संयम मला फार जड गेला. पण तोच उपयोगी पडला, असे मला वाटते.

वरिष्ठांनी दोन्ही नोंदवह्या समोर ठेवून तपासल्या, शेरा वगळला आणि प्रतवारी सुधारली. आता प्रकरण हस्तांतरित होताना मी तारखेसह सही घेतल्याशिवाय ते स्वीकारत नाही.