दिवाळीतलं चॉकलेट आणि घरचं कुत्रं: या चुका टाळा

वसुबारसेपासून कोल्हापुरातल्या घराघरांत चॉकलेटचे बॉक्स जमायला लागतात. एक ऑफिसातला, एक बँकेतला, एक शेजारच्या वहिनींनी घरी केलेला, आणि भाऊबीजेला पुण्याहून येणाऱ्या आत्याच्या पिशवीत आणखी दोन. नाताळापर्यंत हे थांबत नाही. सुट्टीत गावाला जाणारी मंडळी त्यांची कुत्री माझ्याकडे ठेवून जातात, त्यामुळे वर्षभर अडीअडचणीचे फोनही मलाच येतात. दर दिवाळीत त्याच चुका ऐकून आता मी कंटाळले आहे.

आधी मूळ गोष्ट. कोकोमध्ये थिओब्रोमिन असतं आणि थोडं कॅफिन, आणि कुत्र्याला तेच विष ठरतं. आपल्या शरीरातून थिओब्रोमिन बरंच लवकर उतरतं. कुत्र्याच्या अंगातून त्यातलं निम्मं जायलाच साधारण १७-१८ तास लागतात. वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम पोटात गेलं की उलट्या, जुलाब, बेचैनी सुरू होते. ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात. ६० च्या पुढे झटके येतात. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये साधारण २ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ५ च्या आसपास आणि कोको पावडरमध्ये २० च्याही वर. म्हणजे ४ किलोच्या पॉमेरियनने केकसाठी काढून ठेवलेली १० ग्रॅम कोको पावडर चाटली, तरी जीवावर बेतू शकतं.

"फटाक्याला घाबरलाय"

ही चूक सगळ्यात घातक, कारण ती फक्त दिवाळीतच होते आणि चांगल्या, जीव लावणाऱ्या घरांत होते. धाप, थरथर, एका जागी न बसणं, डोळे मोठे होणं: फटाक्याच्या भीतीने हे सगळं होतं आणि चॉकलेटनेही हेच होतं.

एका लक्ष्मीपूजनाच्या रात्री राजारामपुरीतून फोन आला. "ताई, लई थरथरतोय वो. भ्या घेतलंय फटाक्याचं. झोपायचं काही औषध देऊ का?" अकरा किलोचा बीगल. मी विचारलं, पाणी पितोय का? "सारखं पितोय, आणि घरातच तीनदा लघवी केली." उलटी? "संध्याकाळी एकदा झाली, तपकिरी. फराळाचं काहीतरी खाल्लं असंल." तिथंच मी म्हटलं, आधी बॉक्स मोजा. पाच मिनिटांनी त्यांना दिवाणाखाली ऑफिसातून आलेला डार्क चॉकलेटचा बॉक्स सापडला. शंभर ग्रॅमचा, रिकामा, कागदासकट फस्त. दुपारी सगळे पूजेच्या तयारीत असताना त्याने काम उरकलं होतं. हिशोब तुम्हीच करा: किलोमागे ४५ मिलिग्रॅम.

डॉक्टरांनी स्वतःच्या घरची पूजा आटोपून दवाखाना उघडला. थरथर सुरू झाल्यावर उलटी करवणं धोक्याचं असतं, त्यामुळे तो मार्ग बंद झाला होता. सलाईन, ॲक्टिव्हेटेड चारकोल (पोटातलं विष शोषून घेणारा कोळसा), ठोके ताब्यात आणायचं इंजेक्शन, आणि रात्रभर थोड्या थोड्या वेळाने त्याला बाहेर नेऊन लघवी करवणं. हे शेवटचं कुणाला माहीत नसतं. मूत्राशयात लघवी साठून राहिली तर थिओब्रोमिन तिथून पुन्हा रक्तात जातं. बीगल वाचला. तेच डॉक्टर दुपारी गाठले असते तर एका उलटीत बरंचसं बाहेर पडलं असतं.

फरक असा ओळखा. घाबरलेलं कुत्रं कोपरा धरतं, बाथरूममध्ये शिरतं, अन्नपाणी सोडतं आणि आवाज थांबले की हळूहळू निवतं. चॉकलेट खाल्लेलं कुत्रं येरझाऱ्या घालतं, घटाघटा पाणी पितं, सारखी लघवी करतं, उलटी करतं आणि गल्ली शांत झाली तरी थांबत नाही. मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून नाडी मोजायची सवय मी प्रत्येक मालकाला लावते, तीही कुत्रं धडधाकट असताना, म्हणजे त्याचा नेहमीचा आकडा माहीत राहतो. आणि दिवाळीत शंका आली की पहिलं काम एकच: घरातले बॉक्स मोजणं. झोपेचं औषध मनाने देऊ नका. त्याने लक्षणं झाकली जातात.

मिठाचं पाणी, दूध, तूप

याचा मला खरोखर राग येतो. मोबाईलवर कुणीतरी पाठवलेलं वाचायचं आणि कुत्र्याच्या घशात मिठाचं पाणी ओतायचं. उलटी झाली नाही तर ते सगळं मीठ अंगात राहतं, रक्तातलं सोडियम चढतं आणि त्यानेच झटके येतात. चॉकलेटने जे झालं नसतं ते मिठाने होतं. दुधाने विष उतरत नाही, वर जुलाब वाढतात. तूप-तेल पाजताना श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया, आणि आधीच चॉकलेटची चरबी पोटात असताना स्वादुपिंडाला सूज यायची भीती वेगळी. घशात बोटं घालू नका. उलटी करवायला हायड्रोजन पेरॉक्साईडही डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याशिवाय नको. त्यांच्याकडे उलटीचं इंजेक्शन असतं, मिनिटांत काम होतं. दवाखान्यापर्यंत गाडी काढायचा कंटाळा म्हणून घरगुती उपाय शोधणाऱ्यांनी कुत्रं पाळायची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवाळीत पोरांना भेट म्हणून पिल्लू आणणाऱ्यांना तर मी हे तोंडावर सांगते.

"आता तीन तास झाले, उलटी करून काय उपयोग" हेही ऐकते. चॉकलेट पोटात गोळा होऊन बराच वेळ पडून राहू शकतं. उपयोग आहे की नाही, ते डॉक्टर ठरवतील. लक्षणं दिसायची वाट पाहू नका. ती यायला सहा ते बारा तासही लागतात.

"हे खरं चॉकलेट नाही, कंपाउंड आहे"

घरी साच्यात ओतून केलेली चॉकलेट बहुतेक कंपाउंडची असतात. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, पण कोको पावडर असतेच आणि विष त्या पावडरीत आहे. वर बॉक्सवर कसलाच तपशील नसतो. करणाऱ्या वहिनींना फोन करून डार्क की मिल्क ते विचारा. पांढऱ्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन जवळजवळ नसतं, तरी साखर-चरबीने पोट बिघडतंच.

बाकीचं पटकन सांगते. चॉकलेटमध्ये बेदाणे-मनुका असतील तर धोका दुहेरी, कारण त्याने किडनी निकामी होऊ शकते आणि किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही. तासगावचे बेदाणे आपल्या प्रत्येक रव्याच्या लाडवावर असतात, तेव्हा फराळाचं ताटही वरच ठेवा. शुगर-फ्री चॉकलेटच्या वेष्टनावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं असेल तर अर्ध्या तासात कुत्र्याच्या रक्तातली साखर उतरू शकते, लगेच निघा. चांदीचा कागद आणि प्लॅस्टिकचे साचे आतड्यात अडकतात. चॉकलेट चोरलं म्हणून मारू नका, पुढच्या वेळी ते लपून खाईल.

माझ्याकडची पद्धत साधी आहे. बॉक्स टीपॉयवर नाही, फ्रीजवर नाही, लोखंडी कपाटात आणि किल्ली लावून. लॅब्रेडॉरला फ्रीजचं दार उघडताना मी पाहिलं आहे. पाहुण्यांच्या बॅगा आणि पोरांची दप्तरं खुंटीला. स्वयंपाकघराच्या दारामागे प्रत्येक कुत्र्याचं वजन आणि दोन डॉक्टरांचे नंबर लिहिलेले; लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला दवाखाना उघडा आहे का, हे धनत्रयोदशीलाच विचारून ठेवायचं. फोनवर चार गोष्टी सांगायच्या: वजन, चॉकलेटचा प्रकार, अंदाजे किती, कधी. आणि वेष्टन सोबत न्यायचं, फाटलेलं असलं तरी.

गल्लीतल्या कुत्र्यांना पोरं प्रेमाने चॉकलेट टाकतात, त्यांना त्याऐवजी चपाती द्यायला सांगा. रिकामे बॉक्स आणि उरलेले तुकडे रात्री दाराबाहेर ठेवू नका. सकाळी घंटागाडी आली की थेट तिच्यात टाका.