जनावरांच्या मारामारीचा गेम बनवताय? आधी धक्का जमवा

चार जण एकाच स्क्रीनवर बैल, म्हैस, बोकड, कोंबडा घेऊन भिडणार असा गेम बनवत असाल ना भाऊ, तर चित्रं मागून काढा, आधी साधे चौकोन घेऊन धक्का, म्हणजे टोला बसल्यावर समोरचा कसा अन् किती उडतो ते, जमवा, कारण खरी मजा तिथंच आहे. हेल्थ बारच्या, म्हणजे मार खाल्ला की कमी होत जाणाऱ्या जीवाच्या पट्टीच्या, नादी लागू नका. सुपर स्मॅश ब्रदर्स या मारामारीच्या गेममधे १९९९ पासूनच जितका मार जास्त खाल्ला तितकं पुढच्या टोल्याला लांब उडायचं अन् मैदानाबाहेर गेला की बाद, हे लय कामाचं आहे. टोला बसला की दोघंही ४-५ फ्रेम (स्क्रीनवरची एकामागून एक येणारी चित्रं) जागीच थांबवा, ६० एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम असल्या तर, एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, थांबलं हे ध्यानात येत नाही पण वजन जाणवते.

जनावरं नुसते रंग बदलून वेगळी होत नाहीत. आपल्याकडची गवळाऊ ही गाय-बैलांची जात हलकी अन् चपळ, तिला स्पीड द्या पण टोल्यानं लांब उडू द्या. नागपुरी म्हशीची शिंगं लांब, मागं खांद्याकडं वळलेली, मग तिनं मान झटकली की बाजूचेही उडाले पाहिजेत. कोंबड्याला दोन उड्या, बस.

गोंधळासाठी मधेच पोळा फुटू द्या, तोरण तुटलं की सगळ्या बैलजोड्या मैदानातून सुसाट, पण त्याच्या आधी दोन सेकंद डफडं वाजलंच पाहिजे, नाहीतर हरणाऱ्याला ते फसवणूक वाटते. मग गावातल्या पोरांच्या हातात द्या, काही समजावू नका, कोणी "माहा बोकड कुठी गेला बे" म्हटलं की लगेच जनावरांची बाह्यरेषा जाड करा.